वाकड्या शिंगाचा बैल

१२ जुलै २००८, शनिवार

सेवाग्रामच्या डॉक्टरनं ही वही लिहायला लावली. म्हणाला, "आजी, रोज काय खाल्लं ते लिहून आणत जा. साखर कशानं वाढते ते कळेल." मी म्हटलं, "मी चवथी नापास हाय बाप्पा." तर म्हणतो, "खायला कुठं पास व्हावं लागतं?" उलट बोलणारा माणूस मला आवडतो. म्हणून लिहिते आहे.

शाळेत "मले" लिहिलं की गुरुजी छडी मारत. म्हणून लिहिताना "मला" लिहिते. बोलताना मले म्हणते, तिथं छडीवाला कोणी नाही.

खाल्लं: दीड भाकर, बेसन, कांदा. गोड काही नाही.

१५ जुलै, मंगळवार

खाल्लं: वरण-भात, भेंडी. अर्धा गोरसपाक. तो बिस्किटात धरायचा, गोडात नाही.

डॉक्टरला कळावं म्हणून सांगते. घरात माणसं चार. मी, मुलगा प्रभाकर, सून प्रमिला, नात वर्षाली. प्रभाकरचं बियाण्याचं दुकान आहे. पिपरी मेघेला घर बांधलं तेव्हा म्हणाला होता, आई, इथं शांतता आहे. आहेच. कोणी कोणाशी बोलतच नाही.

वर्षाली संगणकाचं शिकून घरी बसली आहे. बसली म्हणजे खरोखर बसली आहे. सकाळी जी बसते ती लाइन गेली की उठते. भारनियमन आहे म्हणून पोरीच्या पोटात चार घास जातात, नाहीतर सरकारनं तिला उपाशी मारलं असतं.

आज विचारलं, "काय करून राह्यली वो?"

"खेळ बनवून राह्यली, आजी."

"एवढी घोडी झाली आनं खेळ?"

मग तिनं सांगितलं. जुन्या काळचं राज्य बसवायचं. लोकांकडून शेती करून घ्यायची, लाकूड तोडायचं, गढी बांधायची, सैन्य उभं करायचं आणि दुसऱ्या राज्यावर चालून जायचं. सगळं एकाच वेळी चालू. तुम्ही धान्य मोजत बसलात म्हणून शत्रू थांबत नाही. हे तर मला संसारात आधीच माहीत होतं.

"पैसे कोन देते?"

"कोनीच नाई. देशोदेशीचे लोकं हायेत. कोनी मास्तर, कोनी इंजिनेर, एक जन तं बेकरीत पाव भाजते. ज्याले जे येते ते त्यानं करावं. आनं खेळ झाला का साऱ्या जगाले फुकट. आतलंबी उघडं. ज्याले पाहाचं त्यानं उघडून पाहावं, पाहिजे ते घ्यावं, बदलावं."

"मंग श्रमदान म्हण नं सरळ. एवढी लांबन काऊन लावते?"

प्रभाकर पेपराच्या मागून बोलला, "श्रमदानानं रस्ता होते आई, पोट नाई भरत."

माझ्या बापानं श्रमदानात गावची विहीर खणली. विहिरीवर त्याचं नाव नाही, पण पाणी सगळे प्यायचे. हे मी प्रभाकरला ऐकवलं. तो म्हणाला, "आबांची विहीर आटली." मी म्हटलं, "पावसानं आटली. श्रमदानानं नाई आटली." मग तो पेपरच वाचत राहिला.

२२ जुलै, मंगळवार

खाल्लं: भाकर, वांगं. चहा बिनसाखरेचा, म्हणजे पहिला कप.

वर्षालीच्या शेजारी बसून तो खेळ पाहिला. मला काही त्यातलं कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. त्यात रोमचं राज्य आहे, इराणचं आहे, यवनांचं म्हणजे ग्रीकांचं आहे. आपल्याकडलं एकही नव्हतं. पोट्टीनं भांडून वाकाटकांचं घालायला लावलं. दीड हजार वर्षांमागचे राजे. त्यांचं प्रवरपूर म्हणजे आपलं पवनार, असं पुस्तकवाले म्हणतात. जन्मभर मी धाम नदीत पाय धुतले, राजाच्या दारात धुते आहे हे कोणी सांगितलं नाही.

सगळ्यांवर एक मुकादम आहे, फिनलंडचा, हेन्रिक नावाचा. मी हेन्रिकराव म्हणते. दिवाळीत खेळ जगाला वाटायचा आहे. त्यानं सांगितलं आहे, ऑगस्ट संपायच्या आत ज्याचं त्याचं काम पुरं पाहिजे. अर्धवट राज्य खेळात घेणार नाही.

"मंग राह्यलं काय तुमच्या पवनारचं?"

"घरं झाले. राजा झाला. शिपाई झाले. बैल राह्यला."

"राजा झाला आनं बैल राह्यला? म्हंजे सरकार पह्यल्यापासून असंच हाय."

बाकीच्या राज्यांतली माणसं कुदळीनं शेत खणतात. बैल कोणाकडंच नाही. आमच्या बाईसाहेबांनी फुशारकीनं लिहून दिलं होतं, की आमच्याकडं बैलाशिवाय शेती होत नाही, आम्ही बैल करू. आता बैल नाही तर नांगर नाही, नांगर नाही तर दाणा नाही, आणि दाण्यावाचून खेळातलंही राज्य चालत नाही. बैल झाला नाही तर पवनारच काढून ठेवतील. पुढच्या खेपेला पाहू म्हणतील. पुढची खेप कधी? वर्षानं, दोन वर्षांनी, देव जाणे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

खाल्लं: जिवतीची पूजा होती, म्हणून पुरण केलं. मी चाखलं. चाखणं म्हणजे खाणं नाही. संध्याकाळी ग्रहण, म्हणून जेवण लवकर.

बैल झाला! वर्षाली म्हणत होती, बैल पाहायला माझ्या माहेरी जाऊ, गिरडच्या अलीकडं, माझ्या भावाच्या, नत्थूच्या घरी. पावसाळ्यात त्या रस्त्यानं एस.टी. हाडं खिळखिळी करते. मी म्हटलं, "काऊन? घरात बैल नाई का?" आणि माळ्यावरून लाकडाचा नंदी काढायला लावला.

हा प्रभाकरचा लहानपणचा, तान्ह्या पोळ्याचा नंदी. लहानू सुतारानं सागाचा केला होता. बाहेरच्या माणसाला माहीत नसेल म्हणून लिहिते. आमच्या भागात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल ओढत घरोघरी जातात आणि आपण त्यांना बोजारा द्यायचा, म्हणजे खाऊ-पैसे. प्रभाकरनं पहिल्याच वर्षी नंदी ओट्यावरून पाडला. डावं शिंग तुटलं. लहानूनं परत बसवलं, ते वाकडं.

वर्षालीनं नंदी टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी पाहिला आणि संगणकात हुबेहूब केला. अंगावर पांढरं कातडं चढवलं, हेन्रिकरावाला पाठवला. बैल पाहून मी म्हटलं, झाला. एवढ्यासाठी पोरगी एस.टी.त बसणार होती.

६ ऑगस्ट, बुधवार

नागपंचमी. खाल्लं: उकडलेलं. चिरायचं-तळायचं नसतं आज.

फजिती झाली. सगळ्यांनी बैल पाहिला. हेन्रिकरावानं गोड शब्दांत लिहिलं आहे. वर्षालीनं मराठी करून सांगितलं: "जनावर फार देखणं आहे. पण हे चालतं की घरंगळतं? चाकं दिसत नाहीत, तरी आहेत असं वाटतं." दुसऱ्या एकानं विचारलं, या जातीच्या बैलाला गुडघे नसतात का?

मला हसू आलं. पोरगी रडायला लागली.

"तूच तं म्हने, घरात बैल हाय!"

"मी पाहाले सांगतलं होतं. त्याचे पायबी घेजो असं म्हटलं का?"

"बैल पायासकटच पाहातात, आजी!"

चूक लहानूची आहे. त्यानं नंदीला गुडघे काढायला हवे होते. सागाचे चार सरळ ठोकळे लावून मोकळा झाला. आता तो जगात नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

खाल्लं: भाकर, दाळकांदा.

वर्षालीनं बैलाला गुडघे घातले. आता तो चालतो, पण कसा? परवा उंटासारखा चालला. काल दारू प्यायल्यासारखा. आज पुढचे दोन पाय एकमेकांत अडकून पडला. तिनं मला विचारलं, "आजी, बैल चालाले लागला का पह्यले कोन्ता पाय उचलते?"

जन्मले शेतकऱ्याच्या घरी, नांदले शेतकऱ्याच्या घरी. आठ वर्षांची होते तेव्हापासून बैलामागं चालले. पण मागून चालणाऱ्याला शेपूट दिसते, पाय कोण पाहतं?

"उजवा पुढचा," मी ठोकून दिलं.

"मंग?"

"मंग बाकीचे."

प्रभाकरला विचारलं. त्यानं दुकानात गिऱ्हाइकांना विचारलं. सगळे बैलवाले. कोणी म्हणे डावा पुढचा आणि उजवा मागचा, कोणी म्हणे एकाच बाजूचे दोन्ही. एक जण भांडून स्टँडवर गेला आणि तिथून परत येऊन म्हणाला, "प्रभाकरराव, मी चुकलो, पह्यले मागचाच असते." फवारणीचं औषध विकत घ्यायचं राहून गेलं त्या गडबडीत. प्रभाकर वैतागून घरी आला, पण जेवताना दोन बोटं ताटाशेजारी चालवत होता. चार बोटं लागली तेव्हा त्यानं भाकर खाली ठेवली.

हेन्रिकरावाचा निरोप आला. घाई करू नको, पुढच्या खेपेला घेऊ.

वर्षालीनं उत्तर लिहिलं. काय लिहिलं विचारलं, तर म्हणाली, "थांबा म्हटलं." डोळे सुजलेले होते, पण हनुवटी वर होती. ती हनुवटी माझ्या बापाची आहे. त्या हनुवटीपुढं कातळही फुटला होता.

मी म्हटलं, "राखीले नत्थूकडे जाऊ. दोघी जनी."

"एस.टी.नं हाडं खिळखिळे होतात नं?"

"हाडं माहे हायेत."

१६ ऑगस्ट, शनिवार

राखी. खाल्लं: भावाच्या घरी जे वाढलं ते. पाहुण्यानं ताटात टाकू नये. डॉक्टरनं हे समजून घ्यावं.

नत्थूजी माझा धाकटा भाऊ. आता सत्तरीला टेकला, तरी मी त्याला नत्थूच म्हणते. त्याचा चांद्या नावाचा बैल आहे, पांढराशुभ्र, दांडगा. वर्षाली त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि दोन पावलं मागं सरकली.

"काय वो," नत्थू म्हणाला, "कांपुटरमंदी बैल करते आनं खऱ्याले भेते?"

"तो माह्याकडे पाहून राह्यला, मामाआजोबा."

"मंग तोबी भेलाच असन."

ओट्यावर पाच-सहा म्हातारे जमले. प्रश्न ठेवला. झालं, ग्रामसभा. नत्थू म्हणे उजवा पाय, देवळात पण उजवाच टाकतात. शेजारचा रामाजी म्हणे, बैल काय देवळात जाते? शेवटी रामाजी धोतर खोचून ओट्यावर चार हातापायांवर उतरला. "हे पाहा, असा." चार पावलं चालला. पाचव्याला पाठीत उसण भरली. दोघांनी उचलून बसवला. जाता जाता म्हणतो, "बैलाचंबी सोपं नाई."

नत्थूच्या नातवाजवळ, निकेशजवळ, फोटोचा मोबाइल आहे. चांद्याला चालवला, चित्र घेतलं. त्या एवढ्याशा काचेत चार पांढरे पाय एकमेकांत मिसळले. नुसतं ताक घुसळल्यासारखं. वर्षालीला युक्ती सुचली. "चारी पायाले चार रंग लावू. मंग कोन्ता कवा उचलते ते दिसन."

नत्थू ताडकन उठला. "पोळ्याच्या आंधी बैलाले रंग? नाई जमत."

"मामाआजोबा, नुसते पायच."

"मंग पोळ्याले काय लावाचं? राख? हा काय तमाशातला बैल हाय? साल्भर राबते, त्याचा एक दिवस हाय. तो आंधीच उष्टा करू नोको."

मी नत्थूला खूप बोलले. ते लिहीत नाही, डॉक्टर तरुण आहे. पण तो हलला नाही. खरं म्हणजे मीही हलले नसते.

"पोळ्याले येजो," तो शेवटी वर्षालीला म्हणाला. "मीच देईन रंग. पन जू नाई ठेवू देनार त्या दिवशी."

"चालन तं नं तो?"

"चालन नाई तं काय? पालखीत बसन?"

पोळा तीस तारखेला. हेन्रिकरावाची मुदत एकतीस. परतीच्या एस.टी.त पोरगी बोटांवर दिवस मोजत होती. मी हाडं मोजत होते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

परत नत्थूकडं. खाल्लं: भाकर, चवळीची भाजी.

आज खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा हळद-लोण्यानं मळायचा आणि कानात सांगायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे दर वर्षी घरचा कर्ता करतो. नत्थूनं लोण्याची वाटी वर्षालीच्या हातात दिली.

आधी बोटांच्या टोकानं लावत होती, पोळीला तूप लावतात तसं. नत्थू म्हणाला, "जोर लाव, तो काय तुह्यासारखा नाजूक नाई." मग दोन्ही तळव्यांनी मळायला लागली. चांद्यानं मान खाली घातली, डोळे मिटले. पोरगी एकदम थांबली. परत मळलं. परत थांबली.

"काय झालं?"

"आजी, तो पाय हालवायच्या आंधी खांदा हालवते. हाताले लागते आतून. मी नुसते पायच हालवून राह्यली होती."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "आवतन दे त्याले, मुकाट्यानं." तिनं कानाशी जाऊन सांगितलं. आवतनाशिवाय आणखीही काही सांगितलं. बराच वेळ सांगत होती. चांद्यानं कान हलवला, तो माशीनं असेल.

३० ऑगस्ट, शनिवार. पोळा.

खाल्लं: नंतर लिहीन.

सकाळी नाल्यावर बैल धुतले. नत्थूनं रंगाच्या वाट्या काढल्या आणि तोंड वळवून म्हणाला, "लाव काय लावाचं ते." उजवा पुढचा लाल, उजवा मागचा पिवळा. डावा पुढचा निळा, डावा मागचा हिरवा. पोरीनं हात राखून काही केलं नाही. गुडघ्यापासून खुरापर्यंत थबथबला रंग.

नाल्यापासून घरापर्यंत चांद्या चालला. नत्थू कासरा धरून, वर्षाली बाजूनं वाकून निकेशचा मोबाइल धरून, आडवी चालत, खेकड्यासारखी. तिच्यामागं अख्ख्या गावची पोरं. रामाजी पाठीला पट्टा बांधून ओट्यावर उभा. ओरडला, "कोन्ता हाय वो पह्यला?" त्याच्याकडं पाहायला गेली आणि धाडकन चिखलात बसली. मोबाइल तेवढा वर धरला होता. निकेशचा जीव भांड्यात पडला.

मी मागं होते. मला पळवत नाही. म्हणून मी खाली पाहत चालले, आणि मलाच दिसलं.

ओल्या रस्त्यावर खुरांचे ठसे उमटले होते. लाल ठसा, आणि त्याच्यावरच पिवळा. निळा ठसा, आणि त्याच्यावरच हिरवा. पुढचा पाय जागा सोडतो आणि मागचा नेमका तिथंच येऊन पडतो. एक ठसा सुटा नव्हता. नाल्यापासून घरापर्यंत तसेच.

मी हाक मारली, "वर्षाली! मोबाइल ठेव आनं खाली पाहा!"

ती चिखलासकट आली. उकिडवी बसली. हळूच म्हणाली, "मागचा पह्यले उचलते, आजी. आनं त्याले जागा देयाले त्याच बाजूचा पुढचा. आता समजलं." मग उठून एकटीच त्या ठशांच्या बाजूनं चालत गेली, घरापर्यंत.

म्हातारे ठसे पाहायला जमले. मग रामाजी म्हणाला, "मी हेच म्हटलं होतं." सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले.

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. झुली, बाशिंगं, बेगड, घुंगरं. गावातल्या सगळ्या बैलांत चार रंगांच्या पायांचा एकच. लोक विचारत, नत्थूजी, हे काय नवीन? नत्थू छाती काढून म्हणत होता, "हे परदेशात चालते."

खाल्लं: पुरणपोळी. पण ती बैलाच्या नैवेद्यातली. नैवेद्याला साखर लागत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार. तान्हा पोळा.

खाल्लं: उभ्याउभ्या काहीतरी.

पहिल्या गाडीनं घरी आलो. पोरगी संगणकावर बसली आणि लाइन गेली. रविवारी कधी नव्हे ते सकाळचंच भारनियमन. परत आली, तिनं चार पाय लावले, परत गेली. केलेलं काम पुसून गेलं. मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचं आवतन काढलं, जेवायचं नाही ते.

प्रभाकर ओसरीत बसून पाहत होता. चप्पल घातली आणि निघून गेला. मला राग आला. म्हटलं, याच्या पोटी असं लेकरू कसं जन्मलं.

तासाभरानं दारात सायकलरिक्षा. त्यात दुकानाचा इन्व्हर्टर आणि ती बाप्पासारखी जड बॅटरी. दोघांनी मिळून आत आणली.

प्रमिला म्हणाली, "अवो, उद्या दुकानात?"

"उद्या उकडते तं उकडू दे," तो म्हणाला. "तसाबी आज रविवार हाय. नुसता पडून होता तिथं." मग तार जोडता जोडता वर्षालीला म्हणाला, "मागचाच पह्यले असते हे मले त्या गिऱ्हाइकानं सांगतलं होतं. तुम्ही बापाचं आयकतच नाई."

दुपारी लेकरं आली. लाकडाचे बैल, रंगवलेले, गळ्यात माळा. मी दारात बोजारा घेऊन बसले होते, पण पोरं हात पुढं करीनात. सगळी आत घुसली. संगणकावर बैल चालत होता.

खरंच चालत होता. खांदा हलला, मान खाली आली, मागचा पाय उचलला, पुढच्यानं जागा दिली. मागं नांगर, आणि नांगरामागं माती उलटत गेली.

पोरं श्वास धरून पाहत होती. खोटं बोलणार नाहीत अशी तेवढीच माणसं या गावात आहेत. शेजारच्या सपनाची चिमुरडी, बोलायला नुकती शिकलेली, पुढं आली. तिनं आपला लाकडाचा बैल उचलला, संगणकाच्या काचेपुढं धरला आणि म्हणाली, "हा तुहा दादा."

वर्षालीनं बोट दाबलं. म्हणाली, "पाठवला."

मी तिलाही बोजारा दिला. घेताना लाजली. मी म्हटलं, "घे. बैल घेऊन आली नं दारात?"

३ सप्टेंबर, बुधवार

गणपती बसले. खाल्लं: मोदकाचं सारण फक्त. वरचं पांढरं टाकलं.

हेन्रिकरावाचं उत्तर आलं. पवनार खेळात राहिलं. त्यानं लिहिलं आहे की बैल पाहून तो आणि त्याची बायको दोघंही बराच वेळ काही न करता नुसता बैलाला शेतात फिरवत बसले. एकच शंका विचारली आहे: डावं शिंग वाकडं आहे, ते चुकून का? सरळ करायचं का?

मी वर्षालीला म्हटलं, "कर सरळ. जगात शोभा नोको."

प्रभाकर जेवत होता. म्हणाला, "राहू दे."

वर्षालीनं लिहून पाठवलं: हा बैल असाच आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीत खेळ निघाला. साऱ्या जगाला फुकट. काल वर्षालीनं मला बसवून दाखवला. आपलं पवनार पाहिलं. नदी आहे, घाट आहे, गढी आहे, शेतात चांद्या आहे. मी सैन्य काढू दिलं नाही. म्हटलं, आधी नांगरणी होऊ दे.

मग ती म्हणाली, "आता हे पाहाय." रोमचं राज्य उघडलं. शेतात बैल. वाकडं शिंग. इराणचं उघडलं. बैल, वाकडं शिंग. यवनांचं उघडलं. तेच.

"आपला बैल नेला? न विचारता?"

"विचाराचं नसते, आजी. नेयालेच ठेवला होता. साऱ्यायनं कुदळी फेकून देल्ल्या."

मी परत रोमचं राज्य उघडायला लावलं, परत शिंग पाहिलं. पोरीनं श्रमदान केलं, पाणी सगळे पिताहेत. आणि ही विहीर पावसावर नाही.

प्रभाकर दुकानात येईल त्याला सांगतो. बियाणं नंतर, आधी बैल. "रोमच्या राजाच्या शेतात जे शिंग हाय नं, ते मी पाडेल हाय," म्हणतो. लहानपणी त्याच शिंगासाठी मी त्याला झोडपला होता. पोरीचं नाव मात्र शेवटी सांगतो, थोडं थांबून, म्हणजे समोरच्यानं विचारावं.

आज सेवाग्रामला गेले. डॉक्टरनं वही उघडली आणि वाचतच बसला. बाहेर रांग खोळंबली. नर्स दोनदा डोकावली. शेवटी वही मिटली आणि म्हणाला, "आजी, साखर वाढली आहे. आणि इथं तर पानोपानी लिहिलंय, हे गोडात धरू नका."

मी पदर सारखा केला.

मग आवाज बारीक करून म्हणाला, "तो खेळ कुठं मिळतो?"

मी म्हटलं, "कोठीबी मिळते. फुकट हाय. घ्या आनं उघडून पाहा, आत काई लपवलं नाई."

हे म्हटलं आणि माझंच मला ऐकू आलं.

खाल्लं: सकाळी करंज्या तीन. येताना गोरसपाक एक अख्खा. चहा दोन कप, दोन्ही साखरेचे. घरी आल्यावर पोरीच्या नावानं केलेला शिरा, वाटीभर, आणि खरवड मी खाल्ली.